पूर्णांकांची क्रमवार यादी थोडक्यात कशी लिहावी? "१-५, ८, ११-१३" च्या पुढे काय?

खरडवही

नमस्कार मंडळी,

प्रश्न किरकोळ वाटेल, पण चार दिवस डोक्यात किडा वळवळतोय. आजोबांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करतेय. पहिल्या वहीची शिवण उसवलेलीच होती, ती पूर्ण सोडवून कागद सुटे केले. १०६ कागद, म्हणजे २१२ पानं. पानांवर आकडे घातलेले नाहीत. माझा स्कॅनर एका फेरीत कागदाची एकच बाजू वाचतो. गठ्ठा एकदा घातला की विषम पानं येतात: १, ३, ५ असं करत २११ पर्यंत. मग गठ्ठा तसाच उलटा करून पुन्हा घातला की सम पानं शेवटाकडून येतात: २१२, २१०, २०८ … २.

कितवी फाइल म्हणजे कितवं पान, याची नोंद मला प्रत्येक वहीसोबत ठेवायची आहे. एक छोटा प्रोग्राम ती नोंद वाचून फाइलींना नावं देतो. २१२ आकडे स्वल्पविराम देत लिहिणं म्हणजे शिक्षाच. म्हणून मी मनानेच असं लिहायला लागले:

१-२११/२, २१२-२/-२

रेघेच्या दोन बाजूंना सुरुवात आणि शेवट, तिरप्या रेघेनंतर किती किती पुढं (किंवा मागं) जायचं ते. फाइली २१२ आल्या, पानंही २१२. स्कॅनच्या क्रमाने पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा फाइली उघडून पाहिल्या, नावं बरोबर. म्हणजे काम चालतंय.

पण हे असं लिहायची काही सर्वमान्य पद्धत आहे का? माझ्या अटी दोनच. क्रम जसाच्या तसा राहिला पाहिजे, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळलं पाहिजे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बंडू_२

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

अल्पविराम

आधी ती आडवी रेघ काढा. तीच रेघ वजाबाकीची आणि तीच "पासून-पर्यंत"ची, हे दुखणं पुढे फार छळतं. उणे तीन ते उणे एक कसं लिहाल? -३--१. डोळे फिरतात. तुमचंच "२१२-२/-२" गणित समजून सोडवलं तर २१३ उत्तर येतं, करून बघा.

शिवाय ही नोंद कधी स्प्रेडशीटमध्ये चिकटवलीत तर "३-५" ची तारीख होते. हसू नका, मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला याच कारणासाठी २०२० मध्ये काही जनुकांची नावं बदलावी लागली. "मार्च१" नावाचं जनुक होतं, ते स्प्रेडशीटमध्ये टाकलं की १ मार्च व्हायचं. आता ते "मार्चएफ१" आहे. माणसांनी जनुकांची नावं बदलली, स्प्रेडशीट होतं तिथेच!

दोन टिंबं वापरा. १..२११/२ असं. पर्ल, रुबी, हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषांत सगळीकडे दोन टिंबं चालतात.

टिंबटिंब

@अल्पविराम, टिंबांचं नाव काढलंत म्हणून आलो. (सदस्यनाम बघा.) "सगळीकडे चालतात" हे खरं, पण सगळीकडे अर्थ एक नाही.

रुबीमध्ये १..५ म्हणजे १ ते ५, पाच धरून. १...५ असं तीन टिंबांनी लिहिलं की पाच गळतो. म्हणजे टिंब वाढलं की यादी एकाने आखूड! स्विफ्टमध्ये नेमकं उलटं, तीन टिंबांत पाच धरलेला असतो, आणि गाळायचा असेल तर १..<५. रस्टमध्ये १..५ मध्ये पाच नाही. हवा असेल तर १..=५.

या तिन्हींतून दिवसभर ये-जा करणाऱ्या माणसाने टिंबं मोजत बसायचं. मी तोच.

शून्यापासून

या सगळ्याचं उत्तर संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्राने १९८२ सालीच देऊन ठेवलंय. २ ते १२ हे आकडे लिहायचे तर चार पद्धती: दोन्ही टोकं धरा, दोन्ही सोडा, फक्त पहिलं धरा, फक्त शेवटचं धरा. त्याचं म्हणणं, सुरुवात धरा आणि शेवट सोडा. म्हणजे २ पासून १३ च्या आधीपर्यंत. फायदे बघा. १३ वजा २ बरोबर ११, आकडे अकराच आहेत. एक तुकडा जिथे संपतो त्याच आकड्यावर पुढचा सुरू होतो, मध्ये फट नाही आणि कुणी दोनदा येत नाही. रिकामी यादी लिहायची असेल तर २ ते २, काम झालं. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मेसा नावाची भाषा होती, तिच्यात चारही प्रकार लिहिता यायचे. बाकीच्या तिघांनी चुका होतात असा तिथला अनुभव होता, तोही त्याने नोंदवलाय.

त्यामुळे खरडवहीताई, मोजणी शून्यापासून करा आणि शेवट वगळा.

कुंपणावरची चिमणी

@शून्यापासून, वहीच्या पहिल्या पानाला शून्यावं पान म्हणायचं? आजोबा स्वप्नात येऊन कान धरतील.

खरडवही

@शून्यापासून, तर्क पटला. पण "२११ पर्यंत" म्हणताना २१३ लिहायचं, हे दहा वर्षांनी वाचणाऱ्याला कोण समजावणार? माझ्या वहीत २१३ वं पानच नाही.

निरुपद्रवी

मुळात मराठीतच गोंधळ आहे, संगणकाला कशाला बोल लावता. "पाच ते दहा" म्हटलं की दहा धरलेले असतात. "दहापर्यंत ये" म्हटलं की दहा वाजून गेले तर उशीर झाला का, यावर घरात भांडण होऊ शकतं. आणि मध्ये आडवी रेघ घातली की मराठी माणूस थेट अंदाजपंचे करतो. "दोन-चार दिवस", "दहा-बारा माणसं", "पाच-पंचवीस वेळा". पाच-पंचवीस म्हणजे ५ ते २५ मधले सगळे पूर्णांक असं कुणी समजलंय का आजवर?

बंडू_२

आमच्या प्रोजेक्टचा मॅनेजर समजतो. "दोन-चार दिवसांत होईल" म्हटलं की तो दोन लिहून घेतो. आम्ही चारच्या पुढची टिंबं धरलेली असतात.

टिंबटिंब

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

जुना खांब

जुन्या माणसाची आठवण. यूझनेट (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) वाचायचो तेव्हा घरच्या फोल्डरात एक फाइल असायची, तिच्यात प्रत्येक गटाच्या नावापुढे आपण वाचलेल्या लेखांचे क्रमांक असेच असायचे: १-१५००,१५०३,१५१०-१५१२. हजारो लेख वाचले तरी ओळ वीतभरच. कधी बिघडली तर संपादकात उघडून हाताने दुरुस्त करायची. मला आजही यापेक्षा सुटसुटीत काही दिसलेलं नाही. तिथे आडवी रेघ कधी नडली नाही, कारण उणे क्रमांकाचा लेख नसतो. अल्पविराम, जिथे ऋण आकडे येणारच नाहीत तिथे रेघेला का घाबरायचं?

आयमॅप या ईमेलच्या पद्धतीत रेघेऐवजी विसर्गचिन्ह आहे, २:४ असं. तिथे ४:२ लिहिलं तरी अर्थ तोच. शेवटच्या पत्रासाठी तारा, म्हणजे ५५९:* म्हणजे ५५९ पासून शेवटपर्यंत. गंमत पुढे आहे. पेटीतल्या शेवटच्या पत्राचा क्रमांक समजा ५५० आहे, म्हणजे ५५९ अजून आलेलंच नाही. तर ५५९:* मागितल्यावर रिकामी यादी यायला हवी ना? येत नाही, ५५० वं पत्र येतं. कारण तारा म्हणजे ५५०, आणि ५५९:५५० हे ५५०:५५९ सारखंच. "नवीन पत्रं आण" असा प्रोग्राम लिहिणारे बहुतेक जण या खड्ड्यात एकदा पडतात. मीही पडलोय, दर पाच मिनिटांनी तेच एक पत्र नवीन म्हणून यायचं.

गणितवेडी

@जुना खांब, तुमच्या दोन्ही उदाहरणांत यादी नाहीच, संच आहे! कोणते लेख वाचले एवढंच नोंदवायचं, कुठला आधी वाचला त्याच्याशी घेणंदेणं नाही. संच असला की मजा असते. चढत्या क्रमाने लावा, सलग आलेले जोडा, दोनदा आलेला एकदाच लिहा. प्रत्येक संचाला एकच ठरलेलं रूप मिळतं.

खरडवहीला हवीय क्रमवार यादी. तिथे ३, १, २ आणि १, २, ३ वेगळे. एकच आकडा दोनदा येऊ शकतो आणि तो दोनदाच राहिला पाहिजे. मागे जाता आलं पाहिजे. छपाईच्या खिडकीत लिहितो ते "१-५, ८, ११-१३" दिसायला दोन्हीकडे चालतं, म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात. कुठल्याही पद्धतीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा, की बाई तू संच आहेस की यादी?

अल्पविराम

+१. चुकीची दुरुस्ती: वरचं माझं "सगळीकडे" मागे घेतो.

बारीक मुद्दा. सलग दोनच आकडे असतील तर रेघ किंवा टिंबं वापरू नयेत. "१४,१५" आणि "१४-१५" दोन्हींची लांबी तेवढीच, टिंबांनी तर एक अक्षर जास्तच. तिसरा आकडा आला की फायदा सुरू: "७,८,९" पाच अक्षरं, "७..९" चार.

व्याकरणमित्र

अवांतर वाटेल, पण विषय सोडून नाही. रांगेतला एक तुकडा दोन टोकांनी सांगायचा, हे पाणिनीने करून ठेवलंय. आकड्यांऐवजी वर्ण. चौदा सूत्रांत वर्ण एका विशिष्ट क्रमाने लावलेत आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचं व्यंजन आहे. सुरुवातीचा वर्ण घ्यायचा, शेवटची खूण जोडायची, झाला प्रत्याहार. "अच्" म्हणजे अ पासून च् या खुणेपर्यंतचे सगळे, म्हणजे स्वर. "हल्" म्हणजे व्यंजनं. "इक्" म्हणजे इ उ ऋ ऌ, "यण्" म्हणजे य व र ल. "इको यणचि" एवढ्या पाच अक्षरांत, पुढे स्वर आला तर इ उ ऋ ऌ च्या जागी य व र ल येतात, हा नियम बसतो.

आता शून्यापासून यांना आवडेल अशी गोष्ट: शेवटची खूण मोजायची नाही. ती फक्त कुंपण.

आणि टिंबटिंब यांना आवडेल अशी: ण् ही खूण दोनदा आलीय. "अइउण्" मध्ये एकदा, "लण्" मध्ये दुसऱ्यांदा. मग "अण्" म्हणजे अ इ उ एवढेच तीन, की थेट ल पर्यंतचे सगळे? सूत्र वाचून कळत नाही. परंपरेचं उत्तर असं की व्याख्येवरून, म्हणजे जाणकारांनी केलेल्या स्पष्टीकरणावरून, ठरवायचं. संदिग्ध आहे एवढ्यावरून नियम टाकाऊ ठरत नाही.

शून्यापासून

दंडवत! "व्याख्येवरून ठरवायचं" म्हणजे आमच्याकडचं "माहितीपुस्तिका वाचा".

निशाचर

खरडवहीताईंची तिरपी रेघ मला ओळखीची वाटली. सर्व्हरवर ठरलेल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन असतो, त्याच्या तक्त्यात मिनिटांच्या रकान्यात हेच लिहितात. ०-५९/१५ म्हणजे ०, १५, ३०, ४५. तेच */१५ असंही लिहिता येतं. तेव्हा तुमची पद्धत मनानेच काढलेली असली तरी अनाथ नाही.

पण "दर सात मिनिटांनी" म्हणून */७ लिहिणारे सहकारी पाहिलेत. ते ०, ७, १४ करत ५६ ला जातं आणि मग चार मिनिटांत पुन्हा ०. */३५ तर ० आणि ३५, म्हणजे एकदा पस्तीस मिनिटं, एकदा पंचवीस. पायरी शेवटाला नेमकी बसतेय का, हे बघणं लिहिणाऱ्याचं काम. २..१०/३ लिहिलं तर २, ५, ८ येतात. दहा कुठे गेला म्हणून शोधायचं नाही.

कुंपणावरची चिमणी

हॅस्केलवाले पायरी लिहीतच नाहीत, पहिले दोन आकडे लिहून दाखवतात. १,३..९ असं, चौकटी कंसात. पायरी किती ते तुम्हीच ओळखा. शाळेत फळ्यावर "२, ४, ६, …" लिहायचे, तसंच. मला हे सगळ्यात माणसासारखं वाटतं.

गणितवेडी

@कुंपणावरची चिमणी, फळ्यावरची तीन टिंबं म्हणजे शुद्ध विश्वासाचा कारभार. १, २, ४, ८, १६, … पुढे काय?

बंडू_२

३२. एवढं येतं हो.

गणितवेडी

३१. :-) वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक जोडी रेषेने जोडा, आणि आतल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत असे बिंदू निवडा. वर्तुळाचे तुकडे मोजा. एका बिंदूला १, मग २, ४, ८, पाच बिंदूंना १६ आणि सहा बिंदूंना ३१. यादीच्या शेवटी नुसती टिंबं ठेवली तर नियम सांगितलाच असं होत नाही. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये अशा क्रमिका कार्डांवर जमवायला सुरुवात केली, तो संग्रह आता इंटरनेटवर आहे. पहिले पाच-सहा आकडे टाकले तर जुळणाऱ्या क्रमिकांची रांगच लागते.

टिंबटिंब

हे "पाच-सहा" निरुपद्रवी यांच्या अर्थाने की ५..६?

उलटपान

कामाचं बोलतो. पीडीएफ जोडणाऱ्या कमांडच्या साधनांत हे सगळं तयार आहे. क्यूपीडीएफमध्ये १५-१२ लिहिलं की १५, १४, १३, १२ अशी उलटी पानं येतात. शेवटच्या पानाला झेड हे अक्षर, त्यामुळे झेड-१ म्हणजे अख्खी फाइल उलटी. विषम, समही सांगता येतं, पण जपून: ते पानाच्या क्रमांकावरून नाही, तुम्ही लिहिलेल्या यादीतल्या जागेवरून ठरतं. "५,७-९,१२" मधली विषम मागितली तर ५, ८, १२ मिळतात. आठ विषम कधीपासून झाला म्हणून मी अर्धा तास घालवला होता. पीडीएफटीकेमध्ये तर विषम पानांची एक फाइल आणि सम पानांची उलटी फाइल पत्त्यांसारखी पिसायची सोय आहे.

ही झाली साधनं. आता एक शंका. खरडवहीताई, तुम्ही लिहिलंय की पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा फाइली तपासल्या. तुमच्या यादीची पहिली दहा म्हणजे १ ते १९ मधली विषम पानं. शेवटची दहा म्हणजे २० ते २ ही सम पानं. म्हणजे तुम्ही वहीची पहिली वीस पानंच बघितलीत. यादीची दोन्ही टोकं वहीच्या एकाच टोकाला आहेत.

खरडवही

@उलटपान, बाप रे. खरंच की. बघते.

शून्यापासून

तोवर चढत्या याद्यांबद्दल. शोधयंत्रं "हा शब्द कोणकोणत्या कागदपत्रांत आहे" याच्या अवाढव्य याद्या ठेवतात. तिथे आकडे न लिहिता फरक लिहितात. १००००००३, १००००००७, १०००००१२ ऐवजी १००००००३, +४, +५. लहान आकड्यांना कमी बिट (म्हणजे ० किंवा १ हे अंक) देणाऱ्या पद्धती त्याआधीपासून होत्या, सॉलोमन गोलम्बची १९६६ ची, पीटर इलायसची १९७५ ची. इलायसच्या साध्या पद्धतीत १ ला एकच बिट लागतो. ५ म्हणजे द्विमानात १०१, तीन अंकी, म्हणून आधी दोन शून्यं लावून ००१०१. वाचणारा आधी शून्यं मोजतो, त्यावरून पुढे किती अंक वाचायचे ते कळतं. मध्ये स्वल्पविरामही लागत नाही.

निरुपद्रवी

अशी एखादी पद्धत निघेल का, की जिच्यात प्रत्येक यादी आखूड होईल?

गणितवेडी

नाही, आणि कारण चार ओळींचं आहे. तीन बिटांच्या ओळी आठ. त्याहून आखूड ओळी मोजा: रिकामी एक, एका बिटाच्या दोन, दोन बिटांच्या चार. झाल्या सात. आठ जणांना सात खुर्च्या. तिनाच्या जागी कुठलाही आकडा घ्या, एक खुर्ची कमीच पडते. काही याद्या आखूड करायच्या तर काही लांबणारच. आपलं नशीब एवढंच, की माणसाला रोज लागणाऱ्या याद्यांत काहीतरी शिस्त असते.

खरडवही

आले. मंडळी, उलटपान यांचे पाय धरायला हवेत.

८६ वं पान एका अर्ध्या वाक्यावर संपतं. "८७" नाव दिलेली फाइल उघडली तर तिथे भलताच मजकूर. मग एकेक फाइल उघडून कागदांशी ताडत बसले. झालं असं: पहिल्या फेरीत दोन कागद चिकटून गेले, त्यामुळे ८७ वं पान वाचलंच गेलं नाही. दुसऱ्या फेरीत ४० व्या पानाशी कागद अडकला होता, मी तो काढून पुन्हा घातला, आणि तो दोनदा वाचला गेला. एक कमी, एक जास्त. बेरीज २१२ ची २१२!

म्हणजे ८७ पासून पुढची सगळी विषम पानं आणि वरपासून ४२ पर्यंतची सगळी सम पानं चुकीच्या नावाने बसली होती. २१० व्या पानाचं नाव २१२. दुसऱ्या ४० नंतर गाडी आपोआप रुळावर, म्हणून शेवट बरोबर दिसला.

८७ वं पान आता वेगळं स्कॅन केलं, ती शेवटची फाइल. दुसरं ४० पुसलेलं नाही, पहिल्यात कोपरा दुमडलाय. आता खरी यादी अशी:

१..८५/२, ८९..२११/२, २१२..४०/-२, ४०..२/-२, ८७

अल्पविराम

रेघ गेली, टिंबं आली. धन्य झालो. मोकळ्या जागा सोडून ही ४० अक्षरं. सगळे आकडे स्वल्पविरामांनी लिहिले असते तर ७४२ झाली असती, मोजून सांगतो.

टिंबटिंब

आणि फाइली किती? ४३ + ६२ + ८७ + २० + १ = २१३. अल्पविराम यांनी दुसऱ्या प्रतिसादात काढलेलं उत्तर!

बंडू_२

भविष्यवेत्ते अल्पविराम महाराज की जय.

गणितवेडी

खरडवही, आता हीच यादी फरकांनी लिहून बघ:

१, मग +२ बेचाळीस वेळा, +४, +२ एकसष्ट वेळा, +१, −२ शहाऐंशी वेळा, ०, −२ एकोणीस वेळा, +८५

त्यात +४ आणि ० कसे टोचतात बघ. +४ म्हणजे चिकटलेले कागद, ० म्हणजे दोनदा वाचलेला. मधला +१ म्हणजे गठ्ठा उलटला ती जागा. पहिल्या लिहिण्यात कुठून कुठे ते कळतं, या लिहिण्यात कुठे बिघडलं ते कळतं. साठवायला पहिलं ठेव. तपासायला प्रोग्रामकडून हे दुसरं काढून घे.

जुना खांब

एक सुचवू का? २१२..४०/-२ मध्ये ते उणे कशाला? मोठ्याकडून लहानाकडे चाललोय हे दिसतंच आहे. २१२..४०/२ पुरे.

निशाचर

@जुना खांब, तुम्हीच वर आयमॅपचा खड्डा दाखवलात आणि आता तिकडेच नेताय! दिशा टोकांवरून ओळखायची म्हटलं की रिकामी यादी लिहिताच येत नाही. सांख्यिकीवाल्यांच्या आर भाषेत १:न लिहितात, १ पासून न पर्यंत. न शून्य निघाला तर काहीच यायला नको, पण येतात १ आणि ०. एकदाही फिरायला नको ते चक्र दोनदा फिरतं. यासाठी तिथे वेगळं फंक्शन आहे, आणि नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात ते घोकायला लावतात. उणे राहू द्या. एका अक्षराने काय बिघडतंय.

जुना खांब

आकडे प्रोग्राम भरणार असेल तर मान्य. पण इथे हाताने लिहिताय. हाताने लिहिताना कुणी ० पाने स्कॅन करत नाही. मी माझ्या मतावर ठाम.

शून्यापासून

नोंद घ्यावी की "२१२..४०, ४०..२" मध्ये शेवट वगळायची पद्धत असती तर ४० एकदाच आला असता.

कुंपणावरची चिमणी

पण तो दोनदाच आला होता ना हो!

शून्यापासून

हो. माघार.

खरडवही

उणे ठेवतेय. जुने खांब, रागावू नका, दहा वर्षांनी वाचणारी मीच असेन आणि मला आठवणार नाही. यादीच्या शेवटी एकूण फाइली लिहायच्या ठरवल्यात, आणि फायलीच्या पहिल्या ओळीत एक वाक्य: "ही क्रमवार यादी आहे, संच नाही. दोन्ही टोकं धरलेली आहेत." व्याकरणमित्र, हीच माझी व्याख्या.

दुसरी वही आज झाली. ९० कागद.

१..१७९/२, १८०..२/-२ = १८०

उलटपान

मधलं काही उघडून बघितलंत का? संख्या जुळली म्हणून सोडू नका.

खरडवही

बघितलं. १७९ च्या पाठीवर १८० च आहे.